तानसाचा नळ आणि जीपचा सायलेन्सर
(गंज, उष्णता आणि रंग यांविषयी एक पाठ)

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. सुमारे २.८ किलोमीटर लांबीचे हे दगडी धरण आजही मुंबईला पाणी पुरवते. धरणाच्या परिसरातून मुंबईच्या दिशेने जाणारे पोलादी नळ ज्यांनी पाहिले असतील, त्यांच्या मनात त्यांचा आकार कायमचा ठसलेला असेल. त्यांपैकी १८०० मिलिमीटर व्यासाच्या नळात आठवी-नववीतला मुलगा ताठ उभा राहू शकेल. हे नळ कित्येक ठिकाणी जमिनीवरून, रानातून आणि रस्त्याच्या कडेने जातात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्यामागून येणारे चैत्र-वैशाखातले ऊन त्यांना उघड्यावर सोसावे लागते.

त्याच रस्त्याने शहापूरहून गावोगाव जाणाऱ्या प्रवासी जीपगाड्या धावतात. गाडीच्या पोटाखाली लोखंडाचा आणखी एक नळ असतो. एंजिनातील जळके वायू तो मागे नेऊन सोडतो. एंजिनाला चिकटलेल्या त्याच्या पहिल्या भागाला मॅनिफोल्ड म्हणतात. चार सिलिंडरांच्या चार तोंडांतून येणारा धूर येथे एकत्र होतो. ओतीव बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी काही गाड्यांना वाकवलेल्या नळ्या जोडून केलेला भाग असतो, त्याला हेडर म्हणतात. पुढे लांब नळी आणि तिच्या शेवटी आवाज दाबणारा सायलेन्सर, अशी ही रचना असते.

मोठा नळ पाणी वाहतो आणि छोटा धूर वाहतो, पण दोघांचा शत्रू एकच, तो म्हणजे गंज. मग एक प्रश्न सहज सुचतो. पाण्याच्या नळाला वाचवणारा रंग जीपच्या मॅनिफोल्डला लावला तर चालेल का? उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे या पाठात पाहू. केवळ कुतूहल म्हणून हा प्रश्न घेतलेला नाही. धुराच्या नळीला पडलेले भोक माणसाच्या जिवावर बेतू शकते, हेही पुढे येईलच.

गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. यांपैकी एकही कमी असेल तर नेहमीच्या तापमानाला लोखंड गंजत नाही. वाळवंटातील कोरड्या हवेत ते बराच काळ टिकते, आणि उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यातही टिकते.

ही क्रिया विजेच्या घटासारखी चालते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर ती दाखवून दिली. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर असा थेंब ठेवला, तर त्याच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोचतो, पण मध्यभागी तो कमी मिळतो. त्यामुळे मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड तयार करतात. दोन्हींची गाठ वाटेत पडते आणि तेथे तांबूस गंजाचे कडे दिसू लागते. लोखंड झिजते मध्ये आणि गंज दिसतो बाजूला!

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जेथे हवा कमी पोचते त्या कोपऱ्यात, चिखलाखाली किंवा सैल पापुद्र्याखाली लोखंड अधिक खचते. दुसरी, जेवढे लोखंड नष्ट होते त्याच्या दुपटीहून अधिक जागा गंजाला लागते. म्हणून रंगाखाली सुरू झालेला गंज रंगाला उचलून धरतो, फोड आणतो आणि पापुद्रे सोडवतो. ॲल्युमिनियमवरचे ऑक्साइड घट्ट बसून आतल्या धातूचे रक्षण करते. गंज भुसभुशीत असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि पुढच्या गंजाची तयारीच करून देतो.

पाण्याच्या नळाचे संरक्षण

पाण्याच्या नळाला तीन प्रकारे सांभाळता येते.

पहिला प्रकार रंगाचा. रंग हा एक पडदा आहे. पाणी आणि ऑक्सिजन धातूपर्यंत पोचण्याची वाट तो अडवतो. पूर्वी लोखंडी कामावर पहिला हात शेंदराचा देत असत. शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. ते गंज रोखते खरे, पण शिसे विषारी असल्यामुळे त्याचा वापर आता टाळतात.

दुसरा प्रकार सिमेंटच्या लेपाचा. पाण्याच्या मोठ्या पोलादी नळांना आतून सिमेंट व वाळूचे अस्तर देण्याची पद्धत आहे. सिमेंटमध्ये ओलावा शिरतोच, मग लोखंड का गंजत नाही? कारण ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. अशा परिस्थितीत लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा बसतो आणि गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. म्हणजे सिमेंट नुसते झाकत नाही, ते लोखंडाला झोपवून ठेवते.

तिसरा प्रकार बळी देण्याचा. घरांच्या छपरांवरील पत्र्यांना जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. जमिनीतून जाणाऱ्या नळांना याच तत्त्वावर जस्त किंवा मॅग्नेशियमचे तुकडे तारेने जोडतात.

उन्हाचे काय? पोलादाची लांबी तापमान एक अंशाने वाढले की दर मीटरला सुमारे १२ मायक्रोमीटरने, म्हणजे मीटरच्या १२ दशलक्षांशाने, वाढते. एक किलोमीटर लांबीचा रिकामा नळ ३० अंशांनी तापला तर किती वाढेल?

१००० × १२ ÷ १०,००,००० × ३० = ०.३६ मीटर

म्हणजे ३६ सेंटिमीटर! म्हणून उघड्यावरच्या लांब नळांना जागोजागी प्रसरणाला वाव देणारे सांधे ठेवावे लागतात. भरून वाहणाऱ्या नळाचे पोलाद मात्र आतल्या पाण्यामुळे फारसे तापत नाही. त्यावरचा रंग ६०-७० अंशांच्या वर क्वचितच जातो. एवढे तापमान साधा तैलरंगही सोसतो. अडचण येते ती जीपच्या नळीत.

जीपच्या नळीत काय घडते?

घाट चढताना, म्हणजे कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या वाटेवर भरलेली गाडी ओढताना, एंजिनातून बाहेर पडणारे वायू फार तापलेले असतात. डिझेल एंजिनात त्यांचे तापमान ४०० ते ७०० अंश सेल्सिअस असू शकते, पेट्रोल एंजिनात त्याहूनही अधिक. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग ५०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. अंधारात लोखंड मंद लाल दिसू लागते ते साधारण याच तापमानाला. मागे जावे तसतशी नळी थंड होत जाते, आणि शेवटच्या टोकाला तापमान शे-दोनशे अंशांवर येते.

म्हणजे एकाच नळीवर दोन वेगवेगळे शत्रू काम करत असतात.

पुढच्या तापलेल्या भागावर पाणी टिकतच नाही, ते क्षणात उडून जाते. पण तप्त लोखंडाशी ऑक्सिजनचा पाण्याविना थेट संयोग होतो. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लोखंडावर काळी खपली दिसते ती हीच. सुमारे ५७० अंशांच्या वर ही खपली अधिक वेगाने वाढते. गाडी तापते आणि थंड होते, तशी खपली तडकते, गळते आणि खालचे नवे लोखंड उघडे पडते. गाडी पावसात उभी राहिली की त्या उघड्या लोखंडावर नेहमीचा ओला गंजही चढतो.

मागच्या, तुलनेने थंड भागात तर पाणी बाहेरून येण्याचीही गरज नसते. ते एंजिनच पुरवते! हे विधान विचित्र वाटेल, म्हणून हिशेब करू.

पेट्रोल हे अनेक संयुगांचे मिश्रण आहे. त्यांचे प्रतिनिधी म्हणून ऑक्टेन घेऊ. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. तो पूर्ण जळला की १८ हायड्रोजन अणूंपासून पाण्याचे ९ रेणू होतात. ऑक्टेनचा रेणुभार ११४ आणि पाण्याचा १८. म्हणून ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून ९ × १८ = १६२ ग्रॅम पाणी मिळते. म्हणजे एक किलोग्रॅमपासून सुमारे १.४ किलोग्रॅम. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो असते. तेव्हा एक लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर हे प्रमाण आणखी मोठे. मिथेनच्या १६ ग्रॅमपासून ३६ ग्रॅम, म्हणजे एक किलो वायूपासून सव्वादोन किलो पाणी बनते.

हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. पण नळीचा भाग सुमारे ५० अंशांहून थंड असेल तर वाफेचे थेंब होतात. थंडीच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकताना तुम्ही पाहिले असेल. या थेंबांत धुरातील नायट्रोजनची व गंधकाची ऑक्साइडे विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतात. दूरच्या प्रवासात सायलेन्सर पुरता तापतो आणि हे पाणी उडून जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत ते आतच साचून राहते. म्हणून कमी धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कित्येकदा जास्त धावणाऱ्या गाडीच्या आधी कुजतो, आणि तो कुजतो आतून. बाहेरून कितीही सुंदर रंग दिला तरी हा गंज थांबत नाही. रंगाची मर्यादा येथेच ओळखली पाहिजे.

तव्याचा धडा

उष्णता आणि गंज या दोघांशी झगडणारी एक वस्तू तुमच्या स्वयंपाकघरातच असेल. ती म्हणजे बिडाचा तवा. नवा तवा आणला की तो घासून, तेल लावून, मंद आचेवर तापवतात. असे काही वेळा केले की त्यावर काळा, गुळगुळीत थर बसतो. तेलाचे छोटे रेणू उष्णतेने व ऑक्सिजनने एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे मोठे जाळे तयार होते. हा एक प्रकारचा रंगच म्हणावा लागेल. तो लोखंडाला पाण्यापासून वाचवतो.

पण हाच तवा रिकामा ठेवून चुलीवर लालबुंद होईपर्यंत तापवला तर? थर जळून जातो, तवा राखाडी दिसू लागतो आणि धुतल्याबरोबर गंजतो. कारण तेलाचे जाळे कार्बनच्या साखळ्यांचे असते, आणि कार्बनच्या साखळ्या जळतात.

बाजारात मिळणाऱ्या साध्या तैलरंगाचे असेच आहे. कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात. रंगछटा व झाकण देणारे रंगद्रव्य, ते धरून ठेवणारा बंधक, आणि लावण्यापुरता पातळपणा देणारा द्रावक. द्रावक उडून जातो. टिकायचे असते ते बंधकाने. तैलरंगात बंधक जवसाच्या तेलासारख्या तेलांपासून किंवा त्यांच्या संस्कारित रूपांपासून बनतो. सुमारे २०० अंशांच्या पुढे तो पिवळा पडतो, मग काळा होतो, धुरावतो आणि शेवटी भुकटी होऊन गळतो. मॅनिफोल्डवर त्याचे आयुष्य एका घाटाएवढेच!

जस्ताचा मुलामाही येथे कामाचा नाही. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि तापलेल्या जस्ताचा धूर आरोग्याला अपायकारक असतो. सिमेंटचा लेप दिला तर तापण्या-निवण्याने तो तडकून पडेल. पाण्याच्या नळाचे तिन्ही उपाय येथे निरुपयोगी ठरले.

सिलिकॉनची साखळी

मग न जळणारा बंधक कोठून आणायचा? उत्तर वाळूत आहे. वाळू जळत नाही. वाळूत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. सिलिकॉनने आपला ऑक्सिजन आधीच घेतलेला असतो, त्यामुळे जळण्यासारखे काही उरतच नाही. कार्बन-कार्बन बंध तोडायला दर मोलला सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५०.

पण वाळू ब्रशने लावता येत नाही. हवा होता तो वाळूसारखा टिकणारा आणि तेलासारखा पसरणारा पदार्थ. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा संयुगांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना 'सिलिकोन' हे नावही त्यांनीच दिले. या चिकट पदार्थांचा व्यवहारात फारसा उपयोग होईल, असे खुद्द त्यांना वाटत नव्हते. १९४० च्या दशकात अमेरिकेत त्यांचे कारखाने निघाले आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांपासून त्यांचा वापर सुरू झाला.

सिलिकोन रेझिनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा असतो, आणि बाजूला कार्बनयुक्त गट लटकलेले असतात. या गटांमुळे ते द्रावकात विरघळते आणि पृष्ठभागावर पसरते. उष्णता वाढली की बाजूचे गट हळूहळू जळून जातात, पण कणा शिल्लक राहतो आणि त्याचे वाळूसारखे जाळे मागे उरते. म्हणजे हा रंग जळतानाच पक्का होतो!

त्यात रंगद्रव्यही उष्णता सोसणारे लागते. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या असतात. मंगलोरी कौले जशी एकावर एक सरकवून बसवतात, तशा त्या रंगाच्या थरात एकमेकींवर बसतात. पाण्याला आणि ऑक्सिजनला सरळ खाली जाता येत नाही, वळसे घेत जावे लागते. काळ्या रंगात लोह, मँगॅनीज, तांबे अशा धातूंची ऑक्साइडे वापरतात. ती आधीच जळून झालेली असल्यामुळे पुन्हा जळत नाहीत. असे चांगले रंग सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हेही येथे लक्षात घ्यावे.

रंग देताना काय सांभाळायचे?

गॅरेजमध्ये हा रंग कसा दिला जातो ते पाहिले, तर प्रत्येक पायरीमागे शास्त्र आहे असे दिसून येईल.

(१) नळी गाडीपासून सोडवून तिच्यावरचे तेल व ग्रीस पुसून काढतात. तेलावर रंग चिकटत नाही.

(२) तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने किंवा वाळूच्या फवाऱ्याने गंज व खपली पूर्ण काढून लोखंड उघडे करतात. गंजावर दिलेला रंग लोखंडाला चिकटत नाही. तो गंजाला चिकटतो, आणि गंज कोणालाच घट्ट चिकटलेला नसतो. यानंतर धातूला उघडा हात लावत नाहीत, कारण घामात मीठ असते.

(३) नेहमीचा तांबडा प्रायमर देत नाहीत. अनेकांची येथेच चूक होते. प्रायमरचा बंधक साधा असेल तर तोच आधी जळतो, आणि वरचा उत्तम रंग पायाखालची जमीन सरकल्यासारखा गळून पडतो. उष्णतारोधक रंग उघड्या धातूवरच देतात.

(४) हात पातळ देतात. अर्धा मीटर लांबीची नळी ३० अंशांवरून ५३० अंशांवर गेली तर तिची वाढ होते ०.५ × १२ ÷ १०,००,००० × ५०० = ०.००३ मीटर, म्हणजे ३ मिलिमीटर. रंगाला धातूबरोबर ताणावे लागते. पातळ थर हे सोसतो, जाड थर तडकतो. शिवाय जाड थरात अडकलेला द्रावक तापल्यावर फोड आणतो.

(५) रंग हवेत वाळल्यावर तो भाजून पक्का करतात. सामान्यतः यासाठी सुमारे २०० अंश तापमान लागते. नेमका वेळ डब्यावर दिलेला असतो. सोय नसेल तर नळी गाडीला बसवून एंजिन थोडा वेळ मंद चालवतात, थंड होऊ देतात आणि पुन्हा थोडे अधिक चालवतात. भाजण्यापूर्वी हा रंग नखाने खरवडता येतो. या वेळी धूर निघतो, म्हणून हे काम उघड्या हवेतच करावे.

रंगाने नळी थंड होते का?

असा समज पुष्कळांचा असतो. रंगाचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. एवढा पातळ थर उष्णता अडवणार तरी किती? छटेने मात्र फरक पडतो. तापलेला काळा पृष्ठभाग उष्णता अधिक उत्सर्जित करतो, रुपेरी पृष्ठभाग कमी. त्यामुळे जवळच्या रबरी नळ्या व तारा यांना रुपेरी रंगाने थोडा दिलासा मिळतो. खरा आडोसा देतो तो मॅनिफोल्डपासून थोड्या अंतरावर बसवलेला पत्रा. त्या दोहोंमधील हवेची फट उष्णता अडवते. काही जण नळीला कापडी पट्टी गुंडाळतात. तिने उष्णता अडते, पण पावसात ती ओली राहते आणि आतले लोखंड लवकर गंजते. जुन्या गाड्यांवरील पट्टीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात, म्हणून अशी पट्टी कधीही ओरबाडू नये.

आज अनेक मोटारींच्या नळ्या क्रोमियममिश्रित स्टेनलेस पोलादाच्या असतात. क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा स्वतःच रक्षण करतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. पण जुन्या जीपगाड्या, ट्रॅक्टर आणि नदीकाठी पाणी उपसणारी डिझेल एंजिने अजून बिडाच्या व साध्या पोलादाच्या नळ्यांवरच चालतात.

भोक लहान, धोका मोठा

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. एंजिनातून येणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोल एंजिनात तो अधिक, डिझेलमध्ये कमी. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, झापड येते, आणि तरीही बाहेर पडले नाही तर मृत्यू ओढवतो.

सायलेन्सरचे शेपूट गाडीच्या मागे असते ते उगीच नव्हे. धूर माणसांपासून दूर सोडण्यासाठी तशी योजना असते. नळी मध्येच कुजून भोक पडले तर धूर थेट बैठकीच्या खाली बाहेर येतो. पावसाळ्यात जीपचे पडदे आणि काचा बंद असतात, माणसे दाटीवाटीने बसलेली असतात आणि तळाच्या पत्र्यालाही गंजाने फटी पडलेल्या असतात. अशा वेळी प्रवाशांना गुंगी आली, तर 'रात्रीचे जागरण असेल' म्हणून कोणी लक्षही देत नाही. गाडीचा आवाज एकाएकी फाटका व मोठा झाला, टपावर धूर न दिसताही आत जळका वास आला, किंवा एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले, तर काचा उघडाव्यात, गाडी थांबवावी आणि सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. भोकावर रंग फासणे हा उपाय नव्हे. तो भाग बदलावा किंवा जोडून घ्यावा लागतो.

करून पाहा

प्रयोग १. पाच परीक्षानळ्यांत घासलेले स्वच्छ खिळे घ्या. (अ) तळाशी कोरडी चुनकळी व घट्ट बूच, (आ) उकळून थंड केलेले पाणी व वर तेलाचा थर, (इ) साधे पाणी, (ई) मिठाचे पाणी, (उ) चुन्याची निवळी व घट्ट बूच. आठ दिवस रोज निरीक्षण नोंदवा. (उ) नळीतील खिळ्याचा सिमेंटच्या अस्तराशी काय संबंध आहे, ते लिहा.

प्रयोग २. (शिक्षकांच्या देखरेखीखाली, उघड्या हवेत.) साध्या काळ्या लोखंडी पत्र्याच्या तीन पट्ट्या घासून घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नका. पहिलीला तैलरंग, दुसरीला उष्णतारोधक रुपेरी रंग लावा आणि तिसरी उघडी ठेवा. रंग दोन दिवस वाळू द्या. रंगाचा डबा वा फवारा दूर ठेवून प्रत्येक पट्टीचे एक टोक चिमट्याने धरा आणि दुसरे बर्नरवर तापवा. उघड्या पट्टीवर पिवळसर, तपकिरी, जांभळा, निळा असे पट्टे उमटतील. फिकट पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश आणि निळा म्हणजे सुमारे ३०० अंश, असे ते तापमापकाचे काम देतात. त्यांच्याशी ताडून पाहा, तैलरंग कोठपासून काळा पडला? नंतर तिन्ही पट्ट्या थंड करून, मिठाच्या पाण्यात बुडवून उघड्यावर ठेवा. चार दिवसांनी तुलना करा.

विचार करा

१. घरून शाळेपर्यंत दोन किलोमीटर धावणारी मोटार आणि रोज शहापूर-नाशिक ये-जा करणारी तशीच मोटार, यांपैकी कोणाचा सायलेन्सर आतून आधी गंजेल? का?

२. मॅनिफोल्डवर रंग टिकला, पण सायलेन्सरला वर्षभरात भोक पडले. रंग वाईट होता असे म्हणता येईल का?

३. विजेवर चालणाऱ्या गाडीला या पाठातील कोणत्या अडचणी येणार नाहीत, आणि गंजाची कोणती अडचण तिलाही येईल?

४. तुमच्या गावातील एखाद्या गॅरेजला भेट द्या. कोणत्या महिन्यांत सायलेन्सर अधिक बदलावे लागतात आणि भोक बहुधा नळीच्या कोणत्या भागाला पडते, ते विचारून घ्या. मिळालेली उत्तरे या पाठातील कारणांशी जुळतात का, याची वर्गात चर्चा करा.